धरणात मासे का सोडावे लागतात?

मोर्शीजवळ वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण झाले. पाणी वाढले की मासळीही वाढेल, असे आपल्याला सहज वाटते. पण रोहू, कटला हे मासे पावसाळ्यात पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही. शिवाय भिंतीमुळे नदीतून वर जाण्याची वाट बंद होते. म्हणून अशा जलाशयांत त्यांची बोटुकली पुन्हा पुन्हा सोडावी लागते.

१९५२ साली भारतात आणलेल्या आफ्रिकी तिलापियाला ही अडचण नाही. त्याची मादी अंडी तोंडातच सांभाळते. त्यामुळे संख्या झपाट्याने वाढते. पण गर्दीत मासे लहानच राहतात आणि भोयांना भाव कमी मिळतो.

बाजारात विद्यार्थ्यांसह आपण मोजून पाहू या: नदीचे मासे किती, सोडलेले किती?