गवत कापायचं मशीन निवडताना

मंडळी, बागकामाची कंत्राटं घ्यायला निघालेली पोरं आम्हाला पहिल्यांदा हेच विचारतात, "मशीन किती एचपीचं घ्यावं?" आम्ही उलट विचारतो, "गवत कुठलं आणि जागा कशी?" कारण पैसे बहुतेक वेळा उसने असतात, नाहीतर मशीन हप्त्यावर घेतलेलं असतं. आपल्या उमापूर भागात गवत जोरात वाढतं ते पावसाळ्यात, हप्ता मात्र बाराही महिने भरावा लागतो. त्यामुळे चुकीचं मशीन आपल्याला परवडत नाही.

गवत कापायच्या रीती दोन, एक कात्रीची आणि एक कोयत्याची.

कात्रीची रीत जुनी. इंग्लंडमध्ये एडविन बडिंग याने 1830 साली पहिल्या लॉन मशीनचं पेटंट घेतलं. कापड गिरणीत कापडावरची लव कातरायचं यंत्र असायचं, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. फिरणाऱ्या रुळावरची पाती खालच्या स्थिर पात्याला घासून जातात आणि गवत कातरलं जातं. काप सुंदर येतो. पण जमीन सपाट हवी, गवत आखूड हवं आणि कापणी वरचेवर हवी. एक खडा आत गेला की धार गेली. क्रिकेटच्या मैदानाला हे मशीन शोभतं.

दुसरं रोटरी मशीन. त्यात एकच आडवं पातं गरागरा फिरतं आणि वेगाच्या जोरावर गवत तोडतं. ऊसतोडीला गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. कोयत्याला धार नसली की ऊस तुटत नाही, पिचतो. गवताचंही तसंच होतं. बोथट पात्याने शेंडे फाटतात, दोन दिवसांत तांबूस पडतात आणि मालक म्हणतो, "पाणी कमी घातलं का?"

तिसरं आपल्या खांद्यावरचं ब्रश कटर. बांध, मोकळे प्लॉट, शाळेच्या कडेचं रान, दगडगोटे असलेली जागा, हे त्याचं काम. भिंतीजवळ नायलॉनची दोरी लावायची, जाड गवताला लोखंडी पातं. मात्र त्याने लॉन एकसारखं कापलं जात नाही.

आता हिशोब बघा. 20 इंची रोटरी मशीन म्हणजे साधारण अर्धा मीटर पट्टा. तासाला तीन किलोमीटर चाललात तर कागदावर 1500 चौरस मीटर होतात. वळणं, एकावर एक येणारे पट्टे आणि पिशवी रिकामी करणं यात चाळीस टक्के गेले असं धरा. उरले 900, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. तुमचं रोजचं काम दोन गुंठ्यांचं असेल तर मोठ्या मशीनचा बोजा कशाला?

अजून एक नियम. गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त एका वेळी कापू नये. दर आठवड्याला बोलावणारं गिऱ्हाईक असेल तर रोटरी चालतं. महिन्यातून एकदा बोलावणाऱ्याकडे गुडघाभर रान असतं, तिथे रोटरी गुदमरतं.

इंजिनाचंही समजून घ्या. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, प्रमाण पुस्तिकेत दिलेलं असतं. विसरलात तर इंजिन जाम होतं. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं, ते रोज तपासायचं.

दुकानात गेल्यावर आधी पातं, प्लग, फिल्टर आणि स्टार्टरची दोरी गेवराईत किंवा बीडला मिळते का ते विचारा, किंमत मागाहून. ऐन श्रावणात सुट्या भागाची वाट बघत आठ दिवस मशीन पडून राहिलं तर तो हंगामच गेला म्हणायचा.

आणि चष्मा, बूट यांचे पैसे मशीनच्या किमतीतच धरा. ब्रश कटर चालू असताना पंधरा मीटरच्या आत कुणी नको, खडा गोळीसारखा उडतो. पात्याला हात लावण्याआधी प्लगची वायर काढायचीच.

तर आमचं सांगणं एवढंच. हाती अजून ठरलेलं लॉन नसेल तर आधी ब्रश कटर घ्या. दर आठवड्याची दोन-तीन कामं पक्की झाली की मग त्या कमाईतून रोटरी घ्या. आता तुमचे प्रश्न घेऊ.