पक्षी ‘पॉझिटिव्ह’ आला, म्हणजे नेमकं काय आलं?

माझ्या पहिल्या संशोधन प्रस्तावात एक वाक्य होतं: ‘पकडलेल्या पक्ष्यांपैकी किती टक्के पॉझिटिव्ह आहेत ते तपासले जाईल.’ गाईडनी पेन्सिलीनं त्याखाली रेघ मारली आणि विचारलं, “पॉझिटिव्ह म्हणजे काय सापडलं?” मला सांगता आलं नाही. तुम्ही डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंवर काम करायचं ठरवत असाल, तर हा प्रश्न आधी सोडवा. त्यासाठी न्यूयॉर्कचं १९९९ सालचं प्रकरण जरूर वाचा.

त्या ऑगस्टमध्ये क्वीन्स भागात मेंदूज्वराचे रुग्ण दिसू लागले. त्यांच्यातल्या अँटीबॉडी सेंट लुइस एन्सेफलायटिसच्या विषाणूशी जुळल्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला तसं जाहीरही झालं. त्याच सुमारास शहरात कावळे मरून पडत होते, ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातले फ्लेमिंगोही दगावले. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट ट्रेसी मॅकनमारा यांना हे निदान पटेना. सेंट लुइसचा विषाणू पक्ष्यांमध्ये वाढतो, पण सहसा त्यांना मारत नाही. मग कावळे कशानं मरताहेत? ईस्टर्न इक्वाइन एन्सेफलायटिस म्हणावं, तर तो इमूंना सोडत नाही, आणि संग्रहालयातले इमू तर ठणठणीत! त्यांनी नमुने बाहेरच्या प्रयोगशाळांकडे पाठवले. महिनाअखेरीस उत्तर आलं: वेस्ट नाइल. १९३७ मध्ये युगांडात सापडलेला हा विषाणू अमेरिकेत त्याआधी कधीच आढळला नव्हता.

चाचणी बिघडली होती का? नाही. दोन्ही फ्लेविव्हायरस, त्यामुळे एकाविरुद्धच्या अँटीबॉडी दुसऱ्याच्या चाचणीतही चिकटतात. आडनाव बरोबर निघालं, नाव चुकलं. नाव पक्कं करायला न्यूट्रलायझेशन चाचणी लागते. तिच्यात जिवंत विषाणू वापरावा लागतो, म्हणून तशी सुरक्षित प्रयोगशाळाही लागते. बजेट मांडताना हे विसरू नका.

आता जिवंत पक्ष्यांकडे येऊ. रक्तात विषाणूचा आरएनए सापडला, तर संसर्ग अगदी ताजा आहे. पण पक्ष्याच्या रक्तात विषाणू जेमतेम काही दिवस असतो, त्यामुळे शेकडो नमुने निगेटिव्ह आले तरी ‘इथे विषाणू नाही’ असं लिहिता येत नाही. अँटीबॉडी मात्र अनेक महिने टिकतात. त्या सांगतात की संसर्ग होऊन गेला. कधी आणि कुठे, ते सांगत नाहीत. स्थलांतरित पक्षी असेल तर पंचाईतच. म्हणून याच हंगामात जन्मलेली पिल्लं मोलाची: त्यांच्यात अँटीबॉडी दिसल्या तर संसर्ग इथला आणि यंदाचाच. (अगदी लहान पिल्लांत आईकडून अंड्यातून आलेल्या अँटीबॉडी असू शकतात, तेवढं सांभाळा.) त्याहून भक्कम पुरावा म्हणजे पायात कडी घालून सोडलेला पक्षी पुन्हा जाळ्यात येणं: जूनमध्ये निगेटिव्ह, सप्टेंबरमध्ये पॉझिटिव्ह.

मेलेले पक्षी मोजणं स्वस्त पडतं, पण फसवं असतं. कावळा मोठा, काळा, रस्त्यात पडला की लोक फोन करतात. चिमणी मेली तर मांजर आधी पोचतं. शिवाय अमेरिकन कावळे वेस्ट नाइलनं जवळपास सगळेच मरतात, तर चिमण्या अनेकदा वाचतात आणि वाचूनही डासांना विषाणू देतात. म्हणजे कावळ्यांच्या मृत्यूतून धोक्याची सूचना मिळते, प्रसार कोण करतंय हे कळत नाही.

आपल्याकडच्या जपानी मेंदूज्वरात तर ही पद्धत चालणारच नाही. त्याचा विषाणू भातखाचरांतल्या क्युलेक्स डासांमुळे बगळे, वंचक अशा पाणपक्ष्यांत फिरतो आणि ते आजारी दिसत नाहीत. मेलेला बगळा शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही. सारंगागारातल्या पिल्लांचं रक्तच घ्यावं लागेल. त्यासाठी वनविभागाची परवानगी हवी, आणि वीण पावसाळ्यात असते. अर्ज हिवाळ्यातच टाका.