ताऱ्यांच्या गतीने कलणारा मंच : हाताने चालणाऱ्या यंत्रणेची निवड

निवासी शाळेतील विद्यार्थ्याजवळ एक अशी संपत्ती असते, जिची नोंद वार्षिक अहवालात सहसा होत नाही. ती संपत्ती म्हणजे रात्र. शाळेच्या गच्चीवरील आकाश त्याला वर्षभर लाभते. ते कॅमेऱ्यात टिपण्यासाठी लागणारा एक छोटा मंच शाळेच्या कार्यशाळेतच तयार व्हावा, असे आम्हांस वाटते. या मंचाला कल देणारी यंत्रणा कोणती असावी, याचा विचार माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर मांडत आहोत.

प्रथम अडचण समजून घेऊ. पृथ्वी स्वतःभोवतीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण करते. त्यामुळे तारे तासाला सुमारे १५ अंश पश्चिमेकडे सरकताना दिसतात. कॅमेरा स्थिर ठेवून ५० मिलिमीटरच्या भिंगाने छायाचित्र घेतल्यास दहा-एक सेकंदांतच ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होऊ लागते. आकाशगंगेचा मंद पट्टा नीट उमटण्यासाठी मात्र काही मिनिटे प्रकाश साठवावा लागतो. म्हणून कॅमेरा ज्या फळीवर बसवायचा, ती फळीच ताऱ्यांच्या गतीने कलवत न्यावी लागते. बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्यांचा असा साधा मंच स्कॉटलंडमधील हौशी आकाशनिरीक्षक जॉर्ज हेग यांनी सुचवला. त्याची कृती १९७५ साली ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या मासिकात प्रसिद्ध झाली.

या मंचाला दोन वेगळे कल द्यावे लागतात. पहिला कल असा की, बिजागरीचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखला जावा. दुसरा कल म्हणजे त्या अक्षाभोवती वरची फळी हळूहळू उचलली जावी. यंत्रणा निवडताना तीन प्रश्न विचारावेत : ती किती वेळा हलवायची आहे, किती सूक्ष्मपणे हलवायची आहे, आणि हात सोडल्यावर तिचे काय होईल?

पहिल्या कलाचे उत्तर सोपे आहे. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची त्या गावाच्या अक्षांशाइतकीच असते, आणि गाव काही बदलत नाही. जे हलवायचेच नाही, त्याला यंत्रणा कशाला? तेथे लाकडी पाचर पुरते. तळाची लांबी ३०० मिलिमीटर धरल्यास उत्तरेकडील बाजूची उंची कोल्हापूरसाठी सुमारे ९०, पुण्यासाठी १०० आणि नागपूरसाठी ११६ मिलिमीटर ठेवावी. निरनिराळ्या गावी स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांना आपापल्या अक्षांशाची पाचर कापून हाच मंच आपल्या घरीही वापरता येईल.

दुसऱ्या कलासाठी अनेक पर्याय पुढे येतात. छिद्रांची पट्टी आणि खीळ ही जोडी मजबूत असते, परंतु ती पायरीपायरीने चालते. दोन छिद्रांच्या मधली जागा तिला ठाऊक नसते. तरफेने फळी झटकन उचलली जाते, पण कळ सैल होताच ती तितक्याच झटकन खाली येते. रात्री अंधारात मुलांची बोटे जेथे असतील, तेथे अशी यंत्रणा नको. मोटारीच्या डिकीचे झाकण पेलणारी गॅस स्प्रिंग वजन सावरते, मात्र ठरावीक गती देत नाही, आणि कालांतराने तिचा दाब उतरला की गावात दुरुस्त होत नाही. मोटारीचा कात्री जॅक भक्कम खरा, परंतु त्याच्या प्रत्येक फेऱ्याला मिळणारी उंची सारखी नसते. वर्म गिअर उत्तम चालतो, पण तो अचूक घडवण्यास लेथ आणि कुशल कारागीर लागतो.

उरते ती हार्डवेअरच्या दुकानात थ्रेडेड रॉड म्हणून मिळणारी आटेदार सळई. आमची निवड हीच आहे. आटे म्हणजे सळईभोवती गुंडाळलेला चढच होय. डोंगराला वळसे घेत जाणारा घाटरस्ता जसा मोठी उंची थोड्या थोड्या चढाने गाठतो, तसेच हे आहे. एम-६ सळईच्या आट्यांचा चढ साडेतीन अंशांहूनही थोडा कमी असतो. एवढ्या चढावर घर्षण वजनाला रोखून धरते. त्यामुळे हात सोडला तरी फळी जेथल्या तेथे थांबते.

शिवाय गणितही सुबक जुळते. एम-६ सळई एका फेऱ्यात १ मिलिमीटर सरकते. बिजागरीच्या खिळ्याच्या मध्यापासून सळईच्या मध्यापर्यंतचे अंतर २२८.६ मिलिमीटर ठेवल्यास मिनिटाला एक फेरा, हीच ताऱ्यांची गती ठरते. एम-८ सळईचा फेरा १.२५ मिलिमीटरचा असल्याने तिच्यासाठी हे अंतर २८५.७ मिलिमीटर घ्यावे. अंतर फळीच्या कडेपासून मोजू नये.

जोडणीत काही गोष्टी सांभाळाव्यात. नट खालच्या फळीत घट्ट बसवावा आणि सळईने वरची फळी खालून ढकलावी. सळईचे टोक लाकडात रुतू नये म्हणून तेथे धातूची छोटी पट्टी ठोकावी. उत्तरेकडे तोंड करून उभे राहिल्यास बिजागरी डाव्या हाताला, म्हणजे पश्चिमेस यावी. मग पूर्वेची कड उचलली जाऊन कॅमेरा ताऱ्यांबरोबर पश्चिमेकडे वळतो. कॅमेऱ्याचा भार बिजागरीच्या पूर्वेसच राहू द्यावा. त्या भाराने फळी सळईवर दाबलेली राहते आणि आट्यांतील ढिलाई जाणवत नाही. सळईच्या खालच्या टोकाला बारा खुणांची चकती लावून ती घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर सावकाश फिरवत राहावे. सळई सरळ असल्याने कोन हळूहळू चुकू लागतो. पण ५० मिलिमीटरपर्यंतच्या भिंगाला पंधरा मिनिटांच्या आत ही चूक फारशी जाणवत नाही.

मोटर बसवली तर हेच काम अधिक सफाईने होईल, हे आम्ही नाकारत नाही. तरीही शाळेसाठी आम्ही हाताचीच यंत्रणा सुचवतो. तिचा प्रत्येक भाग तालुक्याच्या बाजारात मिळतो, मोडला तर विद्यार्थी स्वतः बदलू शकतात, आणि पालकांच्या कष्टाच्या पैशाचा बोजाही वाढत नाही. याहून मोठे कारण असे की, पृथ्वी फिरते हे वाक्य मुले पुस्तकात वाचतातच. मिनिटाला एक फेरा देत दहा मिनिटे बसलेल्या मुलाला ती किती वेगाने फिरते, हे मनगटाने कळते. पुढील उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी ज्यांच्या घरी दोन जुन्या फळ्या आणि एक चांगली बिजागरी पडून असेल, त्यांनी ती शाळेच्या कार्यशाळेस द्यावी, एवढीच विनंती.