खिशातले पिस्तूल: लहान म्हणजे सोपे नव्हे

अमेरिकेत खिशात बाळगायला छोटे पिस्तूल निवडताना अनेकांना वाटते, की आकार लहान तर धक्काही कमी. होते उलटे. काडतूस तेच असले, तरी हलक्या पिस्तुलात रिकॉइल (गोळी सुटताना हाताला बसणारा झटका) जास्त जाणवतो. हलक्या होडीतून काठावर उडी मारली की होडी जास्त मागे सरकते, तसे. २००८ मध्ये आलेले रूगर एलसीपी हे छोटे पिस्तूल रिकामे असताना सुमारे पावणेतीनशे ग्रॅमच भरते. मूठ इतकी आखूड, की करंगळीला जागाच उरत नाही. नवख्याला ते अवघडच जाते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे चाप झाकणारे होल्स्टर (पिस्तुलाचे म्यान). ते नसेल, तर किल्लीचे टोक चापात अडकूनही गोळी सुटू शकते. पिस्तूल ठेवलेल्या खिशात दुसरे काहीही ठेवू नये.