पावसाळा नसलेला नकाशा

माझा भाचा सुट्टीत पुसेगावला आला, की त्याचा लॅपटॉपही येतो. 'एम्पायर: टोटल वॉर' हा त्याचा आवडता डावपेचांचा खेळ, २००९ साली निघालेला. त्यात अठरावे शतक आहे आणि मराठ्यांच्या बाजूने खेळता येते. डोंगर, जंगल, वाळवंट अशी भुई पडद्यावर न्यारी-न्यारी दिसते. हा देखावा नुसता शोभेचा नव्हे. टेकडी आधी धरली तर लढाई सोपी जाते, झाडीत पलटण लपवता येते.

पण वर्षाचे डाव दोनच, उन्हाळा आणि हिवाळा. हिवाळ्यात युरोपावर बर्फ पसरतो, दिसतोही देखणा. मी विचारले, "अरे, पावसाळा कुठंय?"

"नाहीच ना, मामू."

आता आमची काळी माती घ्या. मृग बरसला की चप्पल चिखलातून उपटावी लागते. तिथे तोफेचा गाडा काय चालणार? म्हणून तर मराठी फौजा पावसाळ्यात छावणी करीत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन. १७६० च्या पावसाळ्यात भाऊसाहेब दिल्लीत, अब्दाली यमुनेपलीकडे आणि मध्ये फुगलेली नदी. दोघेही अडकलेले. ऑक्टोबरात भाऊ कुंजपुऱ्याकडे गेले. महिनाअखेरीस अब्दाली बागपतजवळ नदी उतरला आणि त्यांचा दक्षिणेचा रस्ता तुटला. जानेवारीत पानिपत झाले.

भाचा म्हणाला, "पण चार महिने फौजेनं करायचं काय?"

"घोडे जगवायचे, बाबा, अन् उधारी मोजायची. भाऊंची तेव्हाची पत्रं वाच, पैशाचीच ओढ आहे त्यांत."