खो-खोतील संरक्षण
खो-खो या खेळात पाठलाग चुकवून अधिकाधिक वेळ नाबाद राहण्यास संरक्षण असे म्हणतात. बोलीत 'पळती' हा शब्दही रूढ आहे. हे यश दमसासाचे की कौशल्याचे, याचे उत्तर खेळाच्या नियमांतच सापडते.

९ मिनिटांच्या पाळीत संरक्षक तिघा-तिघांच्या तुकडीने उतरतात. समोर ९ आक्रमक असतात. धावणारा थकला की 'खो' देऊन बसतो व ताज्या दमाचा गडी उठतो. त्यामुळे केवळ पायांच्या बळावर संरक्षक फार काळ तग धरू शकत नाही; शालेय संघनिवडीत नुसता वेग पाहणे म्हणूनच अपुरे ठरते. परंतु आक्रमकाला मध्यपाटी ओलांडता येत नाही आणि बाजू बदलण्यासाठी खांबाला वळसा घालावा लागतो. संरक्षकावर असे बंधन नाही. बसलेल्या गड्यांमधून नागमोडी साखळी धरणे, खांबाजवळ हुलकावणी देणे ही कौशल्ये याच सवलतीवर उभी असून त्यांचा खरा उपयोग श्रम वाचविण्यासाठी होतो.

बास्केटबॉलमधील फ्री थ्रो याहून वेगळा. तेथे फळ्यापासून ४.६ मीटरवर उभे राहून, कोणी आडवे न येता, ३.०५ मीटर उंचीवरील कड्यात चेंडू टाकायचा असतो. ती सरावाने बसलेल्या हाताची परीक्षा होय. खो-खोत मात्र पाय जड झाले की जाणत्या संरक्षकाचीही हुलकावणी एक पाऊल उशिरा पडते.