‘ब्लॅक कॉटन सॉइल’च का, ‘कॉटन ब्लॅक सॉइल’ का नाही?

यवतमाळ म्हटलं की कापूस आणि कापूस म्हटलं की काळी जमीन. या जमिनीला इंग्रजीत म्हणतात ‘ब्लॅक कॉटन सॉइल’. आता पहिल्या दोन शब्दांची अदलाबदल करून बघा: ‘कॉटन ब्लॅक सॉइल’. शब्द तेच, पण इंग्रजी बोलणाऱ्याला ते लगेच खटकतं. असं का?

नियम काय आहे?

इंग्रजीत एका नामाआधी अनेक विशेषणं आली, की ती साधारण ठरलेल्या क्रमाने बसतात: मत, लहान-मोठेपणा, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, कशापासून बनलंय आणि शेवटी कशासाठी. ‘ब्लॅक’ हा रंग. ‘कॉटन’ म्हणजे ही माती कोणत्या पिकाची, ते. म्हणून ‘कॉटन’ नामाला चिकटून येतं. काळी आहे ती माती, कापूस नव्हे!

असा क्रम का?

2017 मधल्या एका अभ्यासानुसार, जे विशेषण जास्त व्यक्तिसापेक्ष, ते नामापासून लांब. घर ‘सुंदर’ आहे की नाही यावर वाद होईल, पण ते ‘मातीचं’ आहे यावर होणार नाही. म्हणून ‘ब्युटिफुल ओल्ड मड हाऊस’.

मराठी मुलं कुठे अडकतात?

आपण ‘मोठी लाल गाडी’ म्हणतो, इंग्रजीत ‘बिग रेड कार’. क्रम तोच. म्हणजे बराचसा नियम आपल्याला आधीच येतो. गडबड होते ती ‘चा-ची-चं’मुळे. ‘मातीचं जुनं घर’ हे मराठीत अगदी बरोबर आहे. पण त्याचं शब्दाला शब्द भाषांतर केलं, की ‘मड ओल्ड हाऊस’ होतं आणि पेपरात मार्क जातो.

सोपी युक्ती

‘चा-ची-चं’ काढून विशेषण करून बघा. ‘लाकडाचं मोठं टेबल’ऐवजी ‘मोठं लाकडी टेबल’ म्हणा, की ‘बिग वुडन टेबल’ आपोआप जमतं. ‘कापसाचा पांढरा सदरा’ म्हणजे ‘पांढरा सुती सदरा’, म्हणून ‘व्हाइट कॉटन शर्ट’. जिथे असं विशेषण नसेल, तिथे एवढंच लक्षात ठेवा: वस्तू कशाची, ते नामाच्या अगदी शेजारी.

नियम कधी मोडतो?

मोडतो. गोष्टीतला लांडगा ‘बिग बॅड वुल्फ’ असतो. खरंतर ‘बॅड’ हे मत, ते आधी यायला हवं. इथे उच्चाराची सवय जिंकते, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. ‘झिगझॅग’मध्ये जसा आधी ‘इ’ आणि मग ‘अ‍ॅ’, तसंच.

इंग्रजांना तरी हा नियम माहीत असतो का?

बहुतेकांना नसतो. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांनी लहानपणी ड्रॅगनची गोष्ट लिहिली. ‘ग्रीन ग्रेट ड्रॅगन’ म्हणत नाहीत, ‘ग्रेट ग्रीन ड्रॅगन’ म्हणतात, असं आईने सांगितलं. असं का, हा प्रश्न त्यांना 1955 मध्येही पडलेला होता आणि तेव्हा ते ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक होते!

महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं, तरी मराठी माध्यमातली अनेक मुलं चुकण्याच्या भीतीने गप्प बसतात. त्यांच्यासाठी एवढंच: हा क्रम इंग्रजांनीही पाठ केलेला नाही, तो त्यांच्या कानात बसलाय. ‘ब्लॅक कॉटन सॉइल’ तर आपल्याच जमिनीचं नाव आहे. सुरुवात तिथूनच करा.